नको असलेले फोल्डर पुन्हा का उगवतात?

घरातला संगणक असो की दुकानातला, 'म्युझिक', 'पिक्चर्स' हे फोल्डर न मागताच हजर असतात. विंडोज ९८च्या डेस्कटॉपवर 'माय डॉक्युमेंट्स' असेच ठाण मांडून असे.

लिनक्सवर २००७ साली अलेक्झांडर लार्सन यांच्या एक्सडीजी-यूजर-डर्स या साधनाने असे ठरलेले फोल्डर आपोआप बनवायची व्यवस्था आणली. गाणी, चित्रे कुठे ठेवायची हे प्रत्येक प्रोग्रामला कळावे, हा हेतू रास्तच. फोल्डरांची नावेही निवडलेल्या भाषेत येतात.

पण नुसता फोल्डर पुसून भागत नाही. ही व्यवस्था त्याचा पत्ता थेट होम फोल्डरकडे वळवते; 'डेस्कटॉप' पुसला तर पडद्यावर होम फोल्डरातला सगळा पसारा येऊ शकतो. काही प्रोग्राम तर पुसलेला फोल्डर पुन्हा बनवतात.

म्हणून आधी 'यूजर-डर्स.डर्स' या सेटिंगच्या फाइलमध्ये फोल्डरांचे आपल्याला हवे ते पत्ते लिहा, 'यूजर-डर्स.कॉन्फ' या फाइलमध्ये 'एनेबल्ड=फॉल्स' करून ही व्यवस्था बंद करा आणि मगच नको असलेले फोल्डर पुसा.