इंग्रजीतील ‘वेट’ आणि ‘मास’ : मापनाच्या परिभाषेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना : महाविद्यालयीन अध्यापकांना विज्ञानविषयक संशोधनलेखन बहुधा इंग्रजीतूनच करावे लागते. त्यात आकडे काटेकोर असतात, शब्द मात्र सैल राहतो. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या प्रबंधिकेत नमुन्याचे ‘वेट’ ५ ग्रॅम असे लिहिले असता परीक्षकांनी ते तांबड्या शाईने खोडून ‘मास’ केले होते. त्या वेळी तो निव्वळ काटेकोरपणाचा सोस वाटला. त्या दुरुस्तीमागील इतिहास येथे तपासला आहे.

विवेचन : इ.स. १६७२ मध्ये फ्रेंच ज्योतिर्विद झां रिशे दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले व लंबक आखूड करावा लागला. गुरुत्वाकर्षणाची ओढ स्थळपरत्वे बदलते, हे यातून सूचित झाले. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिआ’त या निरीक्षणाचा उपयोग केला, शिवाय पदार्थाच्या द्रव्यराशीस वजनाहून वेगळे स्थान दिले.

विद्वानांत भेद मान्य झाला, तरी कायद्याची भाषा जुनीच राहिली. फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्याने ग्रॅमची व्याख्या ठरावीक घनफळाच्या पाण्याचे ‘निरपेक्ष वजन’ अशी केली. पुढे शतकभर एकच शब्द कधी द्रव्यराशीसाठी, तर कधी बलासाठी वापरला जात होता. अखेर १९०१ च्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने, हा घोळ मिटविण्याच्या स्पष्ट हेतूने, किलोग्रॅम हे ‘मास’चे एकक असून ‘वेट’ ही बलाच्या जातीची राशी आहे, असे जाहीर केले आणि गुरुत्वत्वरणाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरविले. गंमत अशी, की परिषदेच्या स्वतःच्या नावात ‘वजन’ आजही आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. विषुववृत्तावर हे त्वरण सुमारे ९.७८०, तर ध्रुवावर ९.८३२ असते, म्हणजे फरक अर्धा टक्का. दोन पारड्यांच्या तराजूत दोन्ही बाजूंवर सारखीच ओढ असल्याने द्रव्यराशींचीच तुलना होते. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक तराजू मात्र बल मोजतो आणि ग्रॅम दाखवितो. तो दूरच्या अक्षांशावर हलविला व प्रमाण वजनांनी पुन्हा जुळविला नाही, तर ५ ग्रॅमच्या नमुन्यात काही मिलिग्रॅमची चूक सहज शिरते. मिलिग्रॅमचा दशांश दाखविणाऱ्या उपकरणात ती लहान म्हणता येणार नाही.

असे असले तरी सर्वत्र ‘वेट’ खोडणे चुकीचे ठरेल. रसायनशास्त्रात ‘अॅटॉमिक वेट’ ही संज्ञा अधिकृतपणे टिकून आहे. ‘तोलणे’ या अर्थी ‘वे’ हे क्रियापदही निर्दोष आहे. इंग्रजीत त्याला पर्याय नाही. भारतात १९५६ च्या मेट्रिक कायद्याच्या नावातच ‘वेट्स’ होते. २०११ पासून अमलात असलेल्या ‘लीगल मेट्रॉलॉजी अॅक्ट, २००९’च्या नावातून ते गेले, बाजारातील वेष्टनांवर मात्र ‘नेट वेट’ आजही वाचावयास मिळते.