शेगडी (किनारी कोकणातील)

निखारे ठेवून ऊब घेण्याचे, कपडे सुकवण्याचे व धुरी देण्याचे उचलते साधन. लोखंडी पत्र्याची, मातीची किंवा जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली. रत्नागिरी शहरातील मांडवीसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत ती चुलीच्या जोडीने वापरली जाई. सगळी खोली तापवणारी, धुराडे छपराबाहेर काढलेली लाकडाची बुखारी काश्मीर-लडाखकडची. शून्याखालच्या थंडीत तिच्यावाचून तिथे रात्र निघत नाही. मांडवीला तिचे कामच पडत नाही. शेजारचा समुद्र सावकाश निवतो, त्यामुळे जानेवारीतही पहाटेचे सरासरी तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

इथे त्रास ओलीचा. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिठाला पाणी सुटते, दोरीवरची लुगडी वाळता वाळत नाहीत. म्हणून शेगडीचा खरा हंगाम पावसाळा. निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर बाळाची दुपटी, लंगोट पसरायचे. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा आणि लसणीची साले टाकली की धुरीही होई. टोपलीपाशी कोणीतरी बसून राहावे लागे, नाहीतर दुपट्याला डाग पडलाच म्हणून समजा. न्हाऊनमाखून आलेल्या बाळंतिणीच्या बाजेखाली हीच शेगडी सरकवत. खोली तापवावी असा विचार यात नव्हता. माणूस शेकावे, कपडा सुकावा, एवढाच हिशेब.

जळण घरच्या आवारातलेच : नारळाची सोडणे, करवंट्या, झावळ्या, आंबा-काजूच्या फांद्या. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते आणि ते वाफ होऊन जाण्यातच बरीच आच खर्ची पडते. त्यामुळे पावसाआधी जळणाची बेगमी पडवीत रचून ठेवणे हे घर शाकारण्याइतकेच निकडीचे काम असे. धुराड्याचे तत्त्व कोकणाला अगदीच अनोळखी नाही. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जळण पेटते व भोवतालचे पाणी तापते. पण ती सोय आंघोळीपुरती.

जुन्या घराला धुराडे लागत नसे, कारण घरच सच्छिद्र होते. मंगळुरी कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. ही कौले बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढली. त्याआधीची गवती छपरेही हवा खेळती ठेवत. चुलीच्या धुराने वासे काळे पडत, पण त्यांना कीडही कमी लागे. हा धूर निरुपद्रवी होता, असे मात्र म्हणता येत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीने तो सोसला.

स्लॅबची घरे, सरकत्या काचा आणि बंद शयनगृहे आल्यावर शेगडीचा धोका वाढला. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत जिवावर बेतते. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवावी, कोणीतरी जागे असावे आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी.