मॅक्लाउड उपाय

ब्रिटनमधील सार्वजनिक सेवांच्या पेन्शन योजनांत वयावरून झालेला भेदभाव दूर करण्यासाठी २०२२ मध्ये कायद्याने केलेली तरतूद. पात्र कर्मचाऱ्याला १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०२२ या सात वर्षांच्या सेवेची पेन्शन जुन्या योजनेच्या नियमांनी घ्यायची की नव्या, हे तिच्यामुळे स्वतः ठरवता येते. डॉक्टर, नर्स, शिक्षक, पोलीस, अग्निशामक, सैनिक आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरदार अशी सुमारे तीस लाख माणसे या तरतुदीच्या कक्षेत येतात. नाव पडले ते न्यायाधीशांनी लढवलेल्या खटल्यावरून.

मूळ लॉर्ड हटन आयोगाच्या २०११ च्या अहवालात आहे. आयुर्मान वाढले, पेन्शनचा बोजा वाढला, तेव्हा शेवटच्या पगारावर पेन्शन देण्याऐवजी संपूर्ण सेवाकाळातील सरासरी पगारावर द्यावी, अशी शिफारस आयोगाने केली. त्यानुसार २०१३ चा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून नव्या योजना सुरू झाल्या. इंग्लंड व वेल्समधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना नवी योजना वर्षभर आधीच लागू झाली होती. बहुतेक नव्या योजनांत पेन्शनचे वय सरकारी वृद्धापकाळ पेन्शनच्या वयाला जोडले गेले. पोलीस, अग्निशमन दल व सैन्य यांच्यासाठी ते ६० ठरले.

सुधारणेला कोणी फारसा कायदेशीर धक्का लावू शकले नाही. धक्का बसला तो तिच्यातल्या सवलतीला. १ एप्रिल २०१२ रोजी ज्यांच्या निवृत्तीला दहा वर्षे किंवा त्याहून कमी काळ उरला होता, त्यांना जुन्याच योजनेत राहू दिले गेले. त्यांच्याहून थोड्या लहानांना काही काळापुरते संरक्षण मिळाले. बाकीचे सगळे नव्या योजनेत गेले. म्हणजे साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या दोन नर्स एकाच वॉर्डात, एकाच पगारावर काम करत असल्या, तरी त्या दिवशी पन्नाशी पूर्ण केलेली जुन्या योजनेत राहिली आणि पंचेचाळिशीतली नव्या योजनेत गेली. नोकरीची वर्षे सारखी असली तरी फरक पडत नव्हता. जन्मतारीख तेवढी पाहिली जात होती.

दोनशेहून अधिक न्यायाधीशांनी न्यायखाते सांभाळणाऱ्या लॉर्ड चान्सेलरविरुद्ध (मॅक्लाउड खटला) आणि अग्निशामकांनी गृहखात्याविरुद्ध (सार्जंट खटला) दावे दाखल केले. २०१७ मध्ये खालच्या न्यायाधिकरणांत न्यायाधीश जिंकले, अग्निशामक हरले. २० डिसेंबर २०१८ रोजी अपील न्यायालयाने दोघांच्याही बाजूने कौल दिला. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना सावरायचे होते, हा सरकारचा बचाव. पण त्या लोकांची बरीचशी पेन्शन आधीच जुन्या नियमांनी साठलेली होती, त्यामुळे बदलाची झळ त्यांनाच सर्वांत कमी बसणार होती. मग जास्त झळ सोसणाऱ्या तरुणांना वगळण्याचे समर्थन काय, याचे पुराव्यानिशी उत्तर सरकारकडे नव्हते. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या अपिलाला परवानगी नाकारली आणि जुलैमध्ये सरकारने हा निर्णय सर्वच सार्वजनिक पेन्शन योजनांना लागू पडतो हे मान्य केले. पुढे सरकारने उपायाचा खर्च १७ अब्ज पौंड येईल असा अंदाज केला.

तारखेच्या रेघेवरून पेन्शनरांत फूट पाडण्याचा प्रश्न भारतालाही नवा नाही. डी. एस. नाकरा खटल्यात ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनच्या सुधारित सूत्रातून वगळले होते. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी ती रेघ पुसली, आणि आपल्याकडचे पेन्शनर तो दिवस अजून साजरा करतात. तिथे अन्याय वडीलधाऱ्यांवर होता, ब्रिटनमध्ये तरुणांवर. तिथे न्यायालयाने सूत्र थेट सर्वांना लागू केले. ब्रिटनच्या सरकारने मात्र निवडीची वाट धरली, आणि प्रकरण किचकट झाले ते या निवडीमुळेच.

सगळ्यांना सरसकट जुन्या योजनेत परत का नेले नाही? कारण नवी योजना प्रत्येकासाठी तोट्याची नव्हती. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे (एनएचएस) उदाहरण घेऊ. तिच्या १९९५ च्या जुन्या योजनेत दर वर्षाच्या सेवेला पगाराचा ऐंशीवा भाग पेन्शन, वर तिप्पट एकरकमी रक्कम, आणि पेन्शनचे वय ६०. पगार धरायचा तो शेवटच्या तीन वर्षांतला सर्वोत्तम. २०१५ च्या योजनेत दर वर्षाच्या पगाराचा चोपन्नावा भाग जमा होतो. सेवेत असेपर्यंत तो महागाई दर अधिक दीड टक्का या वेगाने वाढतो. एकरकमी रक्कम आपोआप मिळत नाही. पेन्शनमधला एक पौंड सोडला की बारा पौंड रोख, या दराने अंशराशीकरण करून ती घेता येते.

महागाई बाजूला ठेवून, सातही वर्षे ३६,००० पौंड पगार धरू. जुन्या नियमांनी वर्षाला ३,१५० पौंड पेन्शन आणि ९,४५० पौंड रोख. नव्या नियमांनी वाढ न धरताही सुमारे ४,६६७ पौंड पेन्शन, पण पूर्ण रक्कम हवी तर ६६ ते ६८ वर्षांपर्यंत थांबायचे. साठाव्या वर्षी घेतली तर कपात. आता हीच नर्स पुढे बढत्या मिळवून ७२,००० पौंडांवर निवृत्त झाली, तर त्याच सात वर्षांची जुनी पेन्शन ६,३०० पौंड आणि रोख १८,९०० पौंड होते, कारण जुन्या सेवेची सांगड शेवटच्या पगाराशी कायम राहते. पगार न वाढता उशिरापर्यंत काम करणाऱ्याला नवी योजना बरी पडू शकते. बढत्या घेऊन साठीला बाहेर पडणाऱ्याला बहुधा जुनी. पोलिसांच्या १९८७ च्या योजनेत पहिल्या वीस वर्षांनंतरचे प्रत्येक वर्ष दुप्पट मोजले जाते आणि तीस वर्षांत कमाल पेन्शन मिळते, त्यामुळे तिथे पारडे बहुतेक वेळा जुन्याकडे झुकते. मात्र तिची वर्गणी जास्त होती, म्हणून फरकाची थकबाकी भरावी लागते.

बढती मिळेल का, कधी निवृत्त व्हायचे, हे चाळिशीत कोणाला ठाऊक असते? म्हणून आज नव्हे, पेन्शन घेताना निवडा, ही पद्धत २०२१ मध्ये ठरली. या सगळ्या व्यवस्थेतला हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणायला हवा. मार्च २०२२ मध्ये कायदा मंजूर झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पात्र लोकांची ती सात वर्षे कागदोपत्री आधी जुन्या योजनेत परत गेली, आणि पेन्शन घेताना दोन्ही आकड्यांचे विवरणपत्र हाती देण्याचे ठरले. त्याला ‘रेमेडिएबल सर्व्हिस स्टेटमेंट’ म्हणतात. आधीच निवृत्त झालेल्यांनी मात्र विवरणपत्र आल्यावर सर्वसाधारणपणे वर्षभरात निवड करायची. सदस्य हयात नसल्यास निवड सहसा पात्र वारस करतात. निवड सातही वर्षांसाठी एकच. चार वर्षे इकडची, तीन तिकडची असे चालत नाही.

पात्रतेसाठी ३१ मार्च २०१२ रोजी किंवा त्याआधी आणि १ एप्रिल २०१५ रोजी किंवा त्यानंतर सार्वजनिक सेवेत असणे, आणि मध्ये पाच वर्षांपेक्षा जास्त खंड नसणे आवश्यक आहे. एनएचएसमध्ये गेलेल्या मराठी डॉक्टर-नर्सपैकी १ एप्रिल २०१२ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना म्हणूनच ही निवड मिळत नाही. त्याआधी रुजू होऊन उपायाच्या काळात सेवा केलेल्यांचा हक्क नोकरी सोडून पुण्याला परतल्यानेही बुडत नाही. भेदभावामुळे योजनाच सोडून दिली होती, असे दाखवू शकणाऱ्यांना ती सेवा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना काहीच निवडावे लागत नाही. तिथे दोन्ही हिशेब योजनाच करते आणि जुना आकडा मोठा निघाला तर फरक जोडते. न्यायाधीशांसाठी स्वतंत्र निवड प्रक्रिया झाली.

समानता मात्र दोन दिशांनी आली. मागच्या सात वर्षांपुरते तरुणांना वर उचलले गेले. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या योजनांतील नवी जमा सर्वांसाठी बंद झाली आणि संरक्षित ज्येष्ठही नव्या योजनांत आले. शिवाय उपायाचा खर्च पेन्शन योजनांच्या खर्च-नियंत्रणाच्या हिशेबात सदस्यांच्या बाजूला धरला गेला. अन्यायाची भरपाई अन्यायग्रस्तांच्याच खात्यातून का, या मुद्द्यावर ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि अग्निशामकांची संघटना न्यायालयात गेल्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयात त्या हरल्या. कायद्याच्या भाषेत सरकार जिंकले असेल, पण संघटनांचा प्रश्न गैरलागू होता असे वाटत नाही.

अंमलबजावणी रखडली. सात वर्षांचे पगार, वर्गणी, मोठ्या पगारदारांचा पेन्शनवाढीवरील कर, घटस्फोटातील पेन्शनची वाटणी, सगळे पुन्हा मांडावे लागले. विवरणपत्रांसाठी मूळ मुदत २०२५ च्या मार्चअखेरची होती. अनेक योजनांना ती पाळता आली नाही, आणि इंग्लंड-वेल्सच्या एनएचएस पेन्शनरांसाठी टप्प्याटप्प्याच्या नव्या तारखा जाहीर कराव्या लागल्या.