न थांबवायची गोळी

नाशिकहून त्र्यंबकेश्वर ओलांडून घाटाघाटाने पुढे गेले की ५०-६० किलोमीटरवर हरसूल लागते. भात, नागली, वरईचा मुलूख. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांचा आणि गुजरातच्या हद्दीला जवळ असलेला. पावसाळा ओसरून भात कापून झाला की इथली माणसे टोळ्या करून दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबरची छाटणी हा नाशिक जिल्ह्याचा मोठा हंगाम. तो नेमका दिवाळीच्या आगेमागे येतो आणि पाडे निम्मे रिकामे होतात. प्रस्तुत लेखाचा विषय हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरील गोळीचा इतिहास हा आहे. त्यात द्राक्षबागेचे काय काम, असे वाचकाला वाटेल. पण ही गोळी रोज, वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर घ्यायची असते. म्हणून माणूस वर्षातून किती ठिकाणी राहतो, याला या इतिहासात महत्त्व आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत ‘कावीळ’ हा एकच शब्द आहे आणि तो लक्षणाचा आहे, रोगाचा नव्हे. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना गेलेली. हे दूषित पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई विषाणूंनी होते, रक्तातून आणि शरीरसंबंधातून येणाऱ्या बी आणि सी विषाणूंनी होते, दारूने होते, पित्ताशयाच्या खड्यानेही होते. पाण्याची कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. काविळीच्या माळेचा सगळा लौकिक त्यावर उभा आहे. वनस्पतीच्या तुकड्यांची माळ सुकता सुकता सैल होत लांब होते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे पडते, आणि दोन्हींचा संबंध यकृताशी नसून वनस्पतीशी आणि चुन्याशी असतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग गावोगाव करून दाखवले आहेत. पण माळ घालणाऱ्याला हसण्याआधी एक लक्षात घ्यावे. ज्या काविळीत माळ उतरली आणि माणूस बरा झाला ती बहुधा ए किंवा ई होती. बी विषाणूची गोष्ट उलटी आहे. लहानपणी लागण झालेल्यांत तो बहुधा कायमचा मुक्काम करतो आणि बऱ्याचदा डोळे पिवळे न करताच राहतो. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होते किंवा यकृताचा कर्करोग निघतो, तेव्हा त्याला नाव मिळते.

हे नाव मिळायलाच विज्ञानाला फार वेळ लागला. जर्मनीतील ब्रेमेन येथे १८८३ मध्ये गोदीतील १,२८९ कामगारांना माणसाच्या लसिकेपासून केलेली देवीची लस टोचली गेली आणि पुढील काही महिन्यांत १९१ जणांना कावीळ झाली. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची ही पहिली नीट नोंद. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याला दिलेल्या पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तद्रव होता. त्यातून सुमारे ५०,००० सैनिक काविळीने रुग्णालयात गेले. विषाणू मात्र दिसेना. बारूक ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात तो सापडला तोही ते भलतेच शोधत असताना. माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक फरक पाहताना, एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातला एक घटक न्यूयॉर्कमधील रक्तस्रावाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाशी साखळला. त्याला नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. आपल्याकडील जुने डॉक्टर आणि रक्तपेढ्या आजही या तपासणीला त्याच नावाने ओळखतात. एका आदिवासीच्या रक्तातून सापडलेली ही खूण आज हरसूलच्या आदिवासी गरोदर बाईच्या रक्तात शोधली जाते. तो ज्याच्या रक्तात सापडला त्याचे नाव मात्र जगाच्या इतिहासात राहिले नाही. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन झाला.

आपल्याकडच्या औषधाकडेही ब्लुमबर्ग वळले होते, ही बाब मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. भुईआवळी आपल्या बांधावर उगवते आणि काविळीवर तिचा रस देण्याची चाल जुनी आहे. ब्लुमबर्ग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिच्या अर्काचा प्रयोगशाळेतील परिणाम प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९८८ मध्ये मद्रासच्या थ्यागराजन यांच्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की भुईआवळी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती पूड दिलेल्या २३ जणांत एकाचीच गेली. जगभर खळबळ उडाली. इतर ठिकाणी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा मात्र हा निकाल मिळाला नाही. मला या प्रकरणात कोणाचीही लबाडी दिसत नाही. झाडपाल्याला विज्ञानाने दारात उभे केले नाही, हा आरोप निदान इथे लागू पडत नाही. त्याची परीक्षा झाली आणि ते उतरले नाही, एवढेच. आजही कोणी गोळी सोडून रस घेत असेल तर त्याला हे सांगावे लागते.

खरी औषधे आली ती फार मोल देऊन. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फियालुरिडीन नावाच्या औषधाची चाचणी १५ रुग्णांवर सुरू होती. आधीच्या छोट्या चाचण्यांत धोका नजरेत भरला नव्हता. विषाणू झपाट्याने घटत होता, सगळे खूश होते. तिसऱ्या महिन्यात एका रुग्णाचे यकृत निकामी होऊ लागले. औषध तत्काळ बंद केले, तरी सात जणांची प्रकृती ढासळत गेली. पाच दगावले, दोघे यकृतरोपणाने वाचले. पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर औषधाचा घाला पडला होता आणि तो उशिरा उघड झाला. विषाणू कमी झाला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नाही, हे तेव्हा कळले. आज या गोळ्यांबरोबर ज्या नियमित तपासण्या सांगितल्या जातात, त्यांची सक्ती कुणा नोकरशहाची लहर नाही.

पुढे लॅमिव्ह्युडीन आली. मूळ एचआयव्हीसाठीची ही गोळी १९९८ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीसाठी मंजूर झाली. स्वस्त, सोसायला सोपी. पण पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणूने तिला चकवायला शिकून घेतले. तिच्यामुळे आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. गोळी मध्येच बंद केली तर काहींना पहिल्यापेक्षा जोरात कावीळ होते. कारण असे, की ही औषधे विषाणूच्या प्रती काढणे थांबवतात. पेशीच्या केंद्रात बसलेला मूळ साचा तसाच राहतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, साच्यातून पुन्हा प्रती निघू लागतात, शरीराचे संरक्षण खडबडून जागे होते आणि लागण झालेल्या यकृतपेशींवर तुटून पडते. यकृत आधीच कठीण झालेले असेल तर हा हल्ला जीव घेतो. म्हणून आज या औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो.

‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न हरसूलच्या पाड्यावर पडतो तसाच दादरच्या दवाखान्यातही पडतो. बरे वाटते आहे ते गोळी चालू आहे म्हणून, हे उत्तर ऐकायला सोपे आणि पटायला अवघड आहे. ताप उतरला की औषध थांबवायचे, हे आपण सगळेच लहानपणापासून शिकलेले असतो.

त्यानंतरची अ‍ॅडिफोव्हिर एचआयव्हीसाठी मोठ्या मात्रेत तपासली गेली, तेव्हा मूत्रपिंडावर परिणाम दिसला आणि १९९९ मध्ये अमेरिकेत ती मागे पडली. २००२ मध्ये १० मिलिग्रॅमच्या लहान मात्रेत ती यकृतासाठी परत आली. तिचीच जवळची बहीण टेनोफोव्हिर. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेली, २००८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी मंजूर झालेली. आठ वर्षांच्या पाहणीत तिला विषाणूचा प्रतिकार आढळला नाही, ही मोठीच गोष्ट. भारतात तिच्यावरील पेटंटचे अर्ज पेटंट कार्यालयाने २००९ मध्ये फेटाळले. विरोध करणाऱ्यांत मुंबईची सिप्ला होती, तशाच एचआयव्हीबाधितांच्या संघटनाही. गोळी स्वस्त होण्याचा हा एक महत्त्वाचा टप्पा. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे हिपॅटायटिस बीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली.

लस त्याआधीच आली होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली भारतीय बनावटीची लस आणली. सरकारी लसीकरणात ती २००२ पासून निवडक भागांत आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली. म्हणजे आज छाटणीला जाणारी बहुसंख्य माणसे लशीआधीच्या पिढीतली. त्यांच्या लहानपणी सुई उकळून पुन्हा वापरण्याची रीत होती आणि ‘सुई मारली’ तरच औषध झाले अशी समजूत होती, जी अजूनही गेलेली नाही. उत्तर गुजरातेतील मोडासा येथे २००९ च्या सुरुवातीला वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले. तिचे विषाणू तपासले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी. गरीब गावाचीच ही गोष्ट आहे असे मात्र नाही. १९८२ च्या अपघातानंतर मुंबईत रक्त चढवताना अमिताभ बच्चन यांना हाच विषाणू लागला आणि आपले तीन चतुर्थांश यकृत निकामी झाल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे.

आता औषधाच्या वापरातले बारकावे. रक्तात खूण सापडलेल्या प्रत्येकाला गोळी लागत नाही. विषाणूचे प्रमाण, यकृताची स्थिती आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी हवीच, कारण दोन्ही विषाणू असताना यातली एकच गोळी दिली तर एचआयव्ही तिला सरावतो. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास; टेनोफोव्हिरला जेवणाचा असा जाच नाही. एखादा दिवस चुकला तर आठवताच एक घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नव्हे. टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या रक्तातील क्रिएटिनिन अधूनमधून पाहावे लागते. मूत्रपिंड मंदावले तर गोळ्यांतले अंतर वाढवतात किंवा औषध बदलतात. ते डॉक्टरने करायचे. रुग्णाने आपल्या मनाने एक दिवसाआड गोळी घेणे हे निराळे प्रकरण आहे. गरोदरपणात विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत आईला टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस टोचतात. घरी झालेल्या बाळंतपणात नेमके हेच हुकते.

यातला एक धोका द्राक्षबागेशी थेट जोडलेला आहे. छाटणीचे काम बहुधा एकराच्या उक्त्या हिशेबाने होते. दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभे राहिल्यावर खांदे, मान, कंबर धरते. वाटेतल्या दुकानातून डायक्लोफिनॅकची पट्टी घेतली जाते. एरवी दोन-चार दिवसांपुरती ही गोळी अनेकांना चालते; पण टेनोफोव्हिरबरोबर ती सलग घेतली तर दोघींचा भार मूत्रपिंडावर पडतो. दुकानदाराला ‘मी यकृताची गोळी घेतो’ एवढे सांगितले तरी निम्मे काम होते. सांगायला लोक कचरतात, कारण बागेत ‘याला काविळीचा रोग आहे’ म्हटले की ताट-तांब्या वेगळा होतो. हा विषाणू एकत्र जेवण्याने लागत नाही. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि सुई मात्र वेगळी ठेवावी.

राहिला पुरवठ्याचा प्रश्न. महिन्याच्या गोळ्या घेऊन माणूस निफाडला गेला आणि काम दोन महिने लांबले, तर दुसऱ्या महिन्याची गोळी हरसूलच्या बाजूला असते आणि तो द्राक्षांच्या मांडवाखाली. परत यायचे तर रोज बुडतो, एस.टी.चे भाडे जाते, मुकादम तोंड वाकडे करतो. फाईलवर अशा माणसाची नोंद ‘अनियमित रुग्ण’ अशी होते. माझ्या मते ही नोंद चुकीच्या रकान्यात पडते. जाण्याआधी तपासण्या करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून देता येतात. नेमकी मात्रा आणि औषधाचे नाव लिहिलेला कागद पिशवीत असेल तर ज्या तालुक्यात तो जाईल तिथल्या डॉक्टरालाही पुढे काय द्यायचे ते कळते. छाटणी कधी सुरू होणार हे पाड्यावर सप्टेंबरातच ठरलेले असते. दवाखान्याला ते विचारावे लागेल.