तबरदार ते जेसीबी : वाडी मोकळी करताना

वसई-विरार पट्ट्यात 'लॉन' म्हणजे हिरवळ, हा अर्थ आता मागे पडला आहे. आमच्याकडे लॉन्स म्हणजे लग्नाचं ठिकाण. 'अमुक लॉन्स' अशी पाटी दिसली की आत स्टेज असतं, जेवणाचा मांडव असतो, गाड्या लावायला जागा असते आणि या सगळ्यात उरलंसुरलं थोडं गवतही असतं. निकाह मशिदीत आणि वलीमा लॉन्सवर, ही हल्लीची रीत. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांच्याच पत्रिकांवर हा शब्द आला आहे. त्याला कुणी परका म्हणत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरची वाडी पश्चिम पट्ट्यात आहे. दहा-बारा वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. केळी गेल्या, पानवेलीचे मांडव गेले, घाणेरी आणि सुबाभूळ माजली. आता भावाभावांनी तिथे लॉन्स काढायचं ठरवलं आहे. त्याने मला विचारलं, "टीचर, जेसीबी लावू की माणसं?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, शेतकी नाही. पण हा प्रश्न जुना आहे. झाडी हटवून मोकळी जागा करायची तर हत्यार कोणतं, हे आपल्या भागात तीनशे वर्षांपूर्वीही ठरवावं लागलं होतं, आणि त्यात वसईचा थेट हात होता.

आधी शब्दांकडे पाहू, तो माझा प्रांत आहे. मोगल फौज निघाली की तिच्यापुढे दोन प्रकारचे लोक चालत. एक तबरदार, दुसरे बेलदार. फारसीत तबर म्हणजे कुऱ्हाड आणि बेल म्हणजे फावडं. तबरदाराने झाड पाडायचं, बेलदाराने जमीन सारखी करायची, मग त्यावरून तोफा, हत्ती आणि बैलगाड्या जायच्या. म्हणजे एकाच कामाची दोन हत्यारं आणि दोन वेगळी माणसं होती. तबरदार हा शब्द विरला. बेलदार मात्र महाराष्ट्रात जमातीचं नाव म्हणून उरला. कुऱ्हाड आपली संस्कृतातल्या कुठारापासूनची, उर्दूतली कुल्हाडी तिचीच बहीण. कुदळ आणि कुदालही तशाच. मैदान मात्र सरळ फारसी.

आता मैदानाची गोष्ट. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तटाखाली सुरुंग लावून मराठ्यांनी बुरूज फोडला, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. त्याच वर्षी खाडीपलीकडे मुंबईत काय झालं, हे शिकवत नाहीत. वसईसारखा तट पडतो तर आपला काय टिकणार, या भीतीने इंग्रजांची झोप उडाली. मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचा ठरला आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. खंदकाच्या जोडीला दुसरी गरज होती ती मोकळ्या जागेची. कारण तेव्हा कोटाच्या भिंतीबाहेर माडांच्या दाट वाड्या होत्या. इंग्रज त्यांना 'ओर्ट' म्हणत, तो पोर्तुगीज 'होर्ता'चा अपभ्रंश. शत्रू माडांच्या आडून भिंतीपर्यंत आला तर तोफ कुणावर डागायची?

मग माड पडू लागले. पुढे फ्रेंचांच्या भीतीने आणखी पडले, घरंही पाडली गेली. 1803 च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली, त्यानंतर मोकळ्या पट्ट्याची हद्द भिंतीपासून 1000 यार्डांपर्यंत गेली. म्हणजे 900 मीटरहून थोडं जास्त. या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. आज आपण चर्चगेटला उतरून ज्या ओव्हलच्या कडेने चालतो, शिवाय क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज, हे सगळे त्याच पट्ट्याचे तुकडे. मुंबईतली ही नामांकित हिरवळ बागकामातून आलेली नाही. ती तोफेच्या माऱ्यासाठी मोकळी केलेली जमीन आहे आणि तिच्या जन्मवेळी वसईच्या तटाचा धूर दिसतो.

हे काम माणसांच्या हातांनी झालं. माड तोडायला तसा सोपा. त्याला आंब्या-फणसासारखं सोटमूळ नसतं, बुंध्याखाली दोरखंडासारख्या मुळांचा नुसता झुबका असतो. एकदा तोडला की तो पुन्हा फुटत नाही. शंभर माड आठवड्याभरात आडवे होतील, पण शंभर माड उभे करायला एक पिढी जाते. त्या माडांवर ज्यांची माडी आणि तेल चालायचं त्या लोकांचं काय झालं, हे मैदानाच्या इतिहासात सहसा येत नाही. गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी या नावांवरून एवढंच कळतं की हे शहर आपल्या वसईसारखंच होतं.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्याच काळातला मराठ्यांचा विचार अगदी उलटा होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचं. त्यात गडाच्या घेऱ्यातली झाडी मुद्दाम वाढवायला सांगितली आहे, तोडायला नव्हे. डोंगरी किल्ल्याला झाडी हीच ढाल असते. सपाटीवरच्या तोफेच्या कोटाला तीच झाडी घातक. आणखी एक कलम तर प्रसिद्धच आहे. आरमाराला लाकूड लागलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोक ती लेकरांसारखी वाढवतात. एखादं झाड जुनं होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच घ्यायचं. पहिले खलीफा हजरत अबू बक्र यांनी फौज रवाना करताना फळझाडं तोडू नका असं बजावल्याचं इमाम मालिक यांच्या मुवत्तात आलं आहे. वर्गात मी हे दोन्ही दाखले एकत्र देते. मुलं चटकन विचारतात, की मग फळ न देणारी चालतील का? प्रश्न बरोबर आहे. हा नियम माणसाच्या पोटाचा आहे, पर्यावरणाचा नव्हे, आणि तसं सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

मोगल बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारंजं आणि सपाट हिरवळ येते. आपल्या समाजातही अनेकांना वाटतं, की लॉन ही मोगलांची देणगी. ताजमहालाच्या प्रत्येक फोटोत ती असतेच. खरी गोष्ट वेगळी आहे. शाहजहानच्या चारबागेत झाडं होती, फळझाडंही होती, आणि त्या बागेच्या फळांचं उत्पन्न देखभालीला लागत असे. बाबराला गवताचं वावडं नव्हतं. आपल्या एका बागेचं वर्णन करताना हौदाभोवतीचं तिपानी गवत तो कौतुकाने सांगतो. पण ते नारिंगाच्या आणि डाळिंबांच्या झाडांसोबतचं गवत. नुसतं मोकळं गवत ही त्याची कल्पना नव्हती. एकोणिसाव्या शतकात ताजची बाग इतकी दाट झाली होती, की घुमट झाडांतून डोकवायचा. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून 1899 मध्ये आला आणि 1905 मध्ये गेला. त्याने ताजची डागडुजी मनापासून केली, कैरोहून मागवलेला दिवाही तिथे टांगला. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्याने झाडंही काढली आणि इंग्लंडच्या बंगल्यासमोर असते तशी हिरवळ घातली. 1913 मध्ये कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या इंग्रज बाईंनीच मोगल बागांवरच्या आपल्या पुस्तकात या बदलावर टीका केली. बाईंनी हिंदुस्थानी माळ्याची बाजू घेतली, याचं मला अजून नवल वाटतं.

तोफेला नेम धरायला मोकळी जागा हवी होती, कर्झनला घुमट लांबून दिसायला. दोन्हीकडे झाड आडवं येत होतं. आज वलीम्याच्या ड्रोनला स्टेज दिसायला हवं असतं. लॉन बघण्यासाठी असते. वाडी खाण्यासाठी, सावलीसाठी आणि पाण्यासाठी असते.

आणि लॉनला कायम हत्यार लागतं. एकदा झाडी साफ केली की काम संपलं, असं नाही. इंग्लंडमध्ये आधी लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापत किंवा मेंढ्या सोडत. 1830 मध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं यंत्र काढलं. कापडगिरणीत लोकरीची लव छाटणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं होतं. आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यात हेच यंत्र बैलांनी ओढलं, ताजच्या हिरवळीवर तर अगदी अलीकडेपर्यंत. मुंबईच्या मैदानावरही गवतावरून भांडण झालंच. 1880 च्या सुमाराला युरोपियन लोकांच्या पोलोच्या घोड्यांनी एस्प्लनेडची जमीन उखडायला सुरुवात केली आणि तिथे क्रिकेट खेळणाऱ्या देशी पोरांनी सरकारकडे अर्जांचा मारा केला. शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये त्या झगड्यावर पुस्तकच लिहिलं. तोफेसाठी मोकळी झालेली जागा दीडशे वर्षांनी बॅट आणि घोड्यात वाटून घ्यायची होती.

आता विद्यार्थ्याचा प्रश्न. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या इंग्रज माणसाने 1945 मध्ये कारखाना काढला, 1979 मध्ये ही कंपनी भारतात आली आणि आता पिवळं खोदयंत्र कुणाचंही असो, आपण त्याला जेसीबीच म्हणतो. पोकलेन हेही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. भाषेत आले म्हणून ते प्रत्येक वाडीत आले पाहिजेत असं नाही. वसईची जमीन सखल आहे, पावसाळ्यात पाणी आधीच तुंबतं. जड यंत्र ओल्या मातीवर चार दिवस फिरलं की माती दबून विटेसारखी होते. वरची काळी सुपीक माती खाली जाते, खालची मुरमाड किंवा खारी वर येते. अशा जमिनीवर गालिच्यासारखं आणून पसरलेलं गवत पहिल्या पावसात कुजतं, आणि मग मालक गवतवाल्याला शिव्या देतो.

म्हणून आधी काय उगवलं आहे ते पाहावं. घाणेरी आणि रानमोडीला कोयता आणि कुदळ. ब्रश कटर झपाझप कापतो, त्याला नायलॉनची दोरी गवतासाठी आणि दातेरी पातं जाड काड्यांसाठी लावतात. पण घाणेरीचं मूळ जमिनीत राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत ती परत हजर. सुबाभूळ त्याहून चिवट, बुंध्यापाशी तोडली की दहा फांद्या फुटतात. तिला तीन-चार फुटांवर तोडावं, म्हणजे उरलेल्या खोडाला साखळी बांधून, चेन ब्लॉकने मुळासकट उपटता येतं. इथे यंत्र एक दिवस आणलं तर माझी हरकत नाही, फक्त माती कोरडी असताना, आणि एकाच वाटेने आत-बाहेर. मेलेले माड चेन सॉने कापून लगेच बाहेर काढावेत. कुजणाऱ्या माडाच्या ओंडक्यात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग शेजाऱ्याचे उभे माड खातो. शेजारधर्माची ही बाब यंत्र भाड्याने देणारा सांगत नाही.

जिवंत आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांचा प्रश्न हत्याराचा नाहीच. 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, जमीन आपली असली तरी. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. आजोबांनी लावलेला आंबा बहुतेक त्यातच मोडेल. तो लॉन्सच्या मधोमध येतो म्हणून त्रास वाटत असेल तर स्टेज सरकवावं. उन्हाळ्यातल्या लग्नात पाहुणे कुठे गोळा होतात ते एकदा पाहावं, सगळे झाडाखाली असतात. हरळी सावलीत विरळ होते, हे खरं. तिथे गवत नको, खुर्च्या मांडाव्यात.

आणि कोणतंही यंत्र फाटकातून आत येण्याआधी एका जाणत्या माणसाने कोयता घेऊन सगळी वाडी पायी फिरावी. आमच्याकडच्या वाड्यांत विहीर असते, पुष्कळदा बावखलही. पावसाचं पाणी साठवणारी ही तळी जुन्या लोकांनी खणली, त्यांच्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. दहा वर्षांच्या झाडोऱ्यात काठ दिसत नाही. जेसीबीवाल्याला तो खड्डा वाटतो आणि दोन ट्रॉल्या माती टाकून तो बुजवून मोकळा होतो, किंवा यंत्रासकट आत जातो. काठ सापडला की चारी बाजूंना बांबू रोवून दोरी बांधायची. मग पुढचं ठरवायचं.