पिल्लू नर की मादी?

परसातल्या कोंबडीने पिल्ले काढली की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : यांत कोंबडे किती नि तलंगा किती? घरातल्या जाणत्या बाईचे उत्तरही ठरलेले : "तुरे फुटू देत, मग सांगते." तुऱ्याचा फरक कळायला काही आठवडे जातात. दहा पिल्लांसाठी थांबणे परवडते. पण अंड्यांसाठी हजारो पिल्ले वाढवणाऱ्याचे त्या काळात बरेच धान्य नरांच्या पोटात जाते.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ब्रिटनमध्ये अन्नटंचाई झाली, तेव्हा केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी यावर उपाय सुचवला. मेंडेलचे नियम शिकवताना आपण फळ्यावर चौकटींचा जो तक्ता काढतो, तो यांचाच.

माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्यात दोन 'झेड' गुणसूत्रे असतात. कोंबडीत एक 'झेड' व एक 'डब्ल्यू'. म्हणजे कोंबडी आपले 'झेड' फक्त मुलग्यांना देते. मुलींना 'झेड' मिळते ते बापाकडून. पिसांवर आडवे पट्टे आणणारे जनुक याच 'झेड'वर असते. आता पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी व काळा कोंबडा यांचा संकर केला, तर नर पिल्लांच्या काळ्या डोक्यावर पांढुरका ठिपका दिसतो. मादीचे डोके काळेच राहते. पहिल्याच दिवशी निवाडा! वर्गात हा तक्ता विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.

अट एकच : आईबापांची जात नक्की माहीत हवी. गावात सरमिसळ झालेल्या कोंबड्यांत ठिपका पाहून काहीच ठरवता येत नाही. शिवाय या संकरित पिल्लांचीच पुढे आपसात जोडी लावली, तर ही खूण विश्वासाची राहत नाही. म्हणून १९३०च्या सुमारास पनेट यांनी गोल्डन कॅम्पिन व प्लिमथ रॉक यांच्यापासून 'कॅम्बार' जात तयार केली. तिच्या नरात पट्ट्यांची जनुके दोन, मादीत एक. त्यामुळे नर पिल्ले फिकट दिसतात, आणि हा फरक दर पिढीत टिकतो.

जपानमध्ये कियोशी मासुई व त्यांचे सहकारी यांनी वेगळी वाट शोधली. एक दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची वाट हळूच उघडून आतला बारीकसा उंचवटा पाहायचा. १९२०च्या दशकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. येथे जात माहीत असण्याची गरज नाही, पण डोळा व बोटे तयार व्हायला दीर्घ सराव लागतो. १९३०च्या दशकात असे जपानी तज्ज्ञ अमेरिका-कॅनडातील उबवणी केंद्रांत काम करू लागले.

या शोधांनी धान्य वाचले, हे खरे. पण नर पहिल्या दिवशी ओळखता येऊ लागला, म्हणूनच तो पहिल्या दिवशी मारलाही जाऊ लागला. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसही सावकाश धरतो. म्हणून जगभर अशी कोट्यवधी पिल्ले दरवर्षी नष्ट केली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२पासून यावर कायद्याने बंदी घातली. आता अंड्यातच, पिल्लू बाहेर येण्यापूर्वी, नर-मादी ओळखण्याची तंत्रे वापरात येत आहेत.

ओळखण्याची युक्ती विज्ञानाने दिली; ओळखल्यावर काय करायचे, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या तासापुरता राहत नाही. तो वर्गात चर्चेला अवश्य घ्यावा.