फोटोचा गट नंबर

सातारा किंवा सांगलीच्या सायबर पोलिसांकडे अशीही केस येऊ शकते, जिच्यात ठाण्याची पायरी कुणी चढलेलंच नसतं. तक्रार केलेली असते अमेरिकेतल्या एका कंपनीने. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचा फोटो आपल्या जिल्ह्यातून कुणीतरी अपलोड केला, हे तिच्या सर्व्हरने ओळखलेलं असतं.

ही वाट पडायला वीस वर्षं लागली. १९९८ मध्ये एनसीएमईसी या अमेरिकी संस्थेने अशा तक्रारींसाठी सायबर टिपलाइन सुरू केली. पण कोट्यवधी फोटोंतून नेमका तो शोधायचा कसा? २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हॅनी फरीद यांनी 'फोटोडीएनए' तयार केलं. मी सांगलीत इंजिनिअरिंगला जे हॅशिंग शिकलो, त्यात एक पिक्सेल बदलला तरी सगळा आकडा बदलतो. इथे उलटं आहे. फोटो लहान करा, रंग काढा, आकडा जवळपास तोच राहतो. जमिनीच्या गट नंबरासारखं समजा: नंबरावरून जमीन ओळखता येते, पण शेतात ऊस आहे की हळद, ते दिसत नाही. त्यामुळे मूळ फोटो कुणालाही न दाखवता कंपन्या ओळखलेल्या फोटोंच्या आकड्यांची यादी वाटून घेऊ शकतात. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र एनसीएमईसीला फुकट दिलं, २०११ मध्ये फेसबुकने वापरायला घेतलं. एरवी एकमेकींचे इंजिनिअर पळवणाऱ्या या कंपन्या!

भारतात गाडी कोर्टामुळे हलली. २०१५ मध्ये हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढे गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲपला सरकारसोबत चर्चेला बसावं लागलं. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एनसीएमईसीशी करार केला. आता टिप दिल्लीत येते, तिथून महाराष्ट्र सायबरकडे, मग जिल्ह्यात.

पण अमेरिकी कायद्यानुसार सापडलं तर कळवणं सक्तीचं आहे, शोधणं नाही. शोधणं कंपनीच्या मर्जीवर. ॲपलने २०२१ मध्ये अशी तपासणी जाहीर केली. लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न उठला आणि पुढच्या वर्षी ती सोडून दिली. डिसेंबर २०२३ पासून मेसेंजरच्या खासगी चॅटला एन्ड-टू-एन्ड कुलूप लागू लागलं. खासगीपणा मलाही हवा आहे, पण त्या कुलपाआड सर्व्हर आंधळा होतो, हेही खरं. शिवाय काल रात्री धमकावून काढून घेतलेल्या फोटोचा आकडा कुठल्याच यादीत नसतो.

तो आकडा ते मूल स्वतः देऊ शकतं. २०२३ मध्ये एनसीएमईसीने 'टेक इट डाउन' सुरू केलं. अठराच्या आतल्या वयातला नग्न फोटो असेल, तर त्याचा आकडा फोनवरच तयार होतो. फोटो कुठेही जात नाही. सहभागी कंपन्या तो आकडा घेऊन आपापल्या सार्वजनिक जागा तपासतात. आपल्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही मुलांबाबतची अशी तक्रार नाव न देता करता येते. ठाण्याबाहेर ओळखीची गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होते, अशा आपल्या तालुक्यांत ही सोय फार मोठी आहे.